आजोबा मैदानात उतरतात

खेळाडूनं कधी थांबावं, या बाबतीत आपल्याकडे मतभेद नाहीत. विजय मर्चंट यांच्या नावानं सांगितलं जाणारं एक सूत्र आहे: लोक ‘का थांबलास?’ असं विचारतात तेव्हा थांबावं, ‘का थांबत नाहीस?’ असं विचारायची पाळी त्यांच्यावर आणू नये. वाक्य इतकं नेटकं आहे की त्याच्याशी भांडण काढायला कुणी धजत नाही. निरोपसमारंभात ते हमखास ऐकू येतं. ते ऐकवणारे प्रमुख पाहुणे स्वतः सत्तरी ओलांडून तीन-तीन संस्थांची अध्यक्षपदं सांभाळत असतात, ही गोष्ट वेगळी.

या सूत्रात प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही लोकांचेच आहेत. ज्याला थांबायचंय, किंवा थांबायचं नाहीये, त्याला तिथे तोंड उघडायला जागाच ठेवलेली नाही. त्याचे गुडघे काय म्हणतात, बायको काय म्हणते, मुलांच्या शाळा कुठे आहेत, मंगळवारच्या सरावाला जाताना अजून मजा येते का, यातलं काही लोकांना ठाऊक नसतं. लोकांना ठाऊक असतो तो फक्त सामन्याच्या दिवशीचा माणूस.

हे सगळं मनात यायला निमित्त झालं फिलिप रिव्हर्सचं. डिसेंबर २०२५ मध्ये, ज्या आठवड्यात त्याला ४४ वर्षं पुरी झाली त्याच आठवड्यात, हा गृहस्थ जवळजवळ पाच वर्षांची निवृत्ती मोडून एनएफएल या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेत खेळायला उतरला. त्याला दहा मुलं आहेत. नातवंडही आहे. नातवंड झालेल्या माणसाला आपल्याकडे लोक जिना चढताना हात द्यायला लागतात. रिव्हर्सच्या अंगावर मात्र दीडशे किलोची तगडी पोरं धावून येणार होती, आणि त्यांना हात द्यायचा नव्हता, आजोबांना आडवं करायचं होतं.

हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि लंबगोल चेंडूवाला. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक इसम असतो आणि सगळा खेळ त्याच्याभोवती फिरतो. चेंडू हातात आल्यापासून त्याला जेमतेम तीनेक सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात समोरच्या अकरा जणांची मांडणी ताडायची, आपलं कोण कुठे पळतंय ते बघायचं, आणि कुणी अंगावर कोसळायच्या आत चेंडू वीस-तीस यार्डांवर अशा जागी फेकायचा, जिथे आपला माणूस अजून पोचलेलाच नाही. तो पोचेल या विश्वासावर फेकायचा.

या कामाची गंमत अशी की वय वाढेल तसं ते डोक्याला सोपं आणि पायांना अवघड होत जातं. पंचविशीत पाय कुठेही नेतात, पण कुठे जायचं ते कळत नाही. चाळिशीत समोरचे काय करणार ते आधीच कळतं, आणि गुडघा म्हणतो, बरं, कळलं ना, आता इथेच उभं राहू. चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक तिशी आली की उतरणीला लागतो. क्वार्टरबॅकला मात्र जागच्या जागी उभं राहून, नुसत्या अकलेवर आणि खांद्यावर आणखी दहा वर्षं काढता येतात. २००८ साली टॉम ब्रेडीचा गुडघा एका धडकेत गेला, तेव्हा पुढच्याच वर्षी क्वार्टरबॅकच्या गुडघ्याखाली झेपावण्यावर नियमानं आणखी बंधनं आली. गुडघे नियमानं राखले गेल्यावर मग उतारवयातल्या पर्यायांची चर्चाही लांबली.

पर्याय हा शब्द जपून वापरायला हवा, कारण फार वर्षं तो नव्हताच. जॉनी युनायटसचं उदाहरण घ्या. १९५५ साली पिट्सबर्गच्या संघानं त्याला निवडलं आणि एकही सामना न खेळवता घरी पाठवलं. मग तो बांधकामावर काम करायचा आणि फावल्या वेळात गावातल्या अर्धव्यावसायिक संघातून खेळायचा. सामन्याचे सहा डॉलर मिळत, असं सांगतात. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सनं त्याला बोलावलं आणि त्यानं त्या शहराला वेडं केलं. सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारी फेक, हा त्याचा विक्रम २०१२ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. बारीक कापलेले केस आणि घोट्यावरचे काळे बूट, एवढं चित्र काढलं तरी बाल्टिमोरमध्ये माणसं ओळखत. १९७३ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या तोंडावर, कोल्ट्सनं त्याला सॅन दिएगोला देऊन टाकलं. कुठे जायला आवडेल, हे त्याला विचारण्याची पद्धत नव्हती.

सॅन दिएगोतला युनायटस हा अमेरिकी क्रीडालेखकांचा आवडता शोकविषय आहे. फिकट निळ्या वेषातला त्याचा फोटो छापायचा आणि खाली लिहायचं, हे पाहायला नको होतं. त्या हंगामात संघ हरत गेला हे खरं, आणि काही सामन्यांनंतर त्याची जागा डॅन फाउट्स या नवशिक्या पोराला दिली गेली हेही खरं. पण त्याच फिकट निळ्या वेषात युनायटसनं कारकिर्दीत फेकीचे ४०,००० यार्ड ओलांडले, आणि तोवर हे जगात कुणालाच जमलेलं नव्हतं. फाउट्स पुढे पंधरा हंगाम सॅन दिएगोतच खेळला आणि थेट हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. ज्यानं बांधकामावर घाम गाळून सहा डॉलरसाठी हाडं मोडून घ्यायची तयारी ठेवली होती, त्या माणसाला शेवटचं एक वर्ष परक्या गावात खेळणं लाजिरवाणं का वाटावं? लाज वाटली ती बघणाऱ्यांना. त्यांच्या भिंतीवरचा फोटो बिघडला ना.

करार संपल्यावर मनाजोगता संघ निवडायची खरीखुरी मोकळीक एनएफएलमध्ये आली १९९३ साली. पाठोपाठ १९९४ पासून संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा लागू झाली. म्हणजे म्हाताऱ्या खेळाडूला जायची मुभा मिळाली, आणि संघाला त्याला जाऊ द्यायचं सबळ कारण मिळालं. ‘आमचं तुझ्यावर फार प्रेम आहे, पण ते मर्यादेत बसत नाही,’ असं म्हणायची सोय झाली.

या सोयीतून सगळ्यात गाजलेली बदली झाली पेटन मॅनिंगची. इंडियानापोलिस कोल्ट्समध्ये १४ वर्षं काढल्यावर मार्च २०१२ मध्ये त्याला मोकळं करण्यात आलं. मालक आणि खेळाडू दोघंही पत्रकारांसमोर गहिवरले. मॅनिंग ३५ वर्षांचा, मानेवर एकामागून एक शस्त्रक्रिया झालेल्या, आधीचा अख्खा हंगाम बाहेर बसून काढलेला. त्याआधीच्या वर्षी डेन्व्हरमध्ये टॉड हेल्टन या बेसबॉलपटू मित्राबरोबर त्यानं पहिल्यांदा चेंडू फेकून पाहिला, तो चार पावलांवर नाक टेकून पडला. हेल्टनला वाटलं, थट्टा करतोय. आता हा माणूस संघ शोधायला निघाला, आणि पुढचे दोन आठवडे जे झालं त्याला बघण्याचा कार्यक्रम म्हणायला हरकत नाही: वर थोराड, प्रकृतीचा प्रश्न उघड, तरी घराणं असं की डेन्व्हर, अॅरिझोना, मायामी, टेनेसी, सॅन फ्रान्सिस्को असे सगळे वधुपक्ष पोह्यांची थाळी घेऊन दारात उभे. बाहेर वाहिन्यांची हेलिकॉप्टरं. पसंती गेली डेन्व्हरला. तिथे दुसऱ्याच वर्षी त्यानं एका हंगामात ५५ टचडाउन पास फेकले. तेवढे आधी कुणी फेकले नव्हते.

लोकांचं सूत्र म्हणतं, इथे थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. २०१५ च्या हंगामात हात अगदी गेला. ९ टचडाउन आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिलेले १७ चेंडू, अशी वाईट आकडेवारी. मध्ये त्याला बाकावर बसवलं. आणि त्याच हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, डेन्व्हरच्या दणकट बचावफळीच्या जोरावर त्यानं सुपर बोल, म्हणजे स्पर्धेचा अंतिम सामना, जिंकला आणि मग निरोप घेतला. सगळ्यात चांगल्या वर्षी अंतिम सामना ४३-८ असा दारुण हरला होता. सगळ्यात वाईट वर्षी करंडक हातात. शिखरावर थांबा म्हणणाऱ्यांनी शिखर नेमकं कुठे आहे ते आधी कळवण्याची व्यवस्था करायला हवी.

उतारवयात गाव बदलण्याचे फायदे-तोटे पाहायचे तर टॉम ब्रेडीचे पहिले सहा महिने पाहावेत. वीस वर्षं आणि सहा सुपर बोल न्यू इंग्लंडच्या पदरात टाकून हा मार्च २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, फ्लोरिडातल्या टँपाला आला. करोनामुळे सगळं बंद होतं. राहायला डेरेक जीटर या बेसबॉलपटूचा भलामोठा बंगला भाड्यानं घेतला. एप्रिलमध्ये एका सार्वजनिक बागेत एकटाच व्यायाम करत असताना कर्मचाऱ्यांपैकी एकीनं त्याला हटकलं: बाग बंद आहे, बाहेर व्हा. जवळ गेल्यावर तिला कळलं हा कोण ते, पण बाग बंद ती बंदच. हा किस्सा टँपाच्या महापौर बाईंनी स्वतःच जाहीर करून टाकला. त्याच महिन्यात ब्रेडी संघाच्या एका प्रशिक्षकाकडे कामानिमित्त निघाला आणि चुकून शेजारच्या घरात शिरला. दार उघडं होतं. सरळ आत गेला, हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या आणि वर पाहिलं, तर समोर भलताच माणूस. घर चुकलंय हे लक्षात आल्यावर माफी मागितली, पिशव्या उचलल्या आणि पसार झाला.

बॉस्टनमध्ये तो कुठल्याही चुकीच्या घरात शिरला असता, तर त्याला जेवल्याशिवाय सोडलं नसतं. टँपात पिशव्या उचलून निघावं लागलं. मला हा प्रसंग त्याच्या सगळ्या करंडकांपेक्षा मोलाचा वाटतो. वीस वर्षं एका गावात दैवत होऊन राहिलं की माणसाला पत्ता विचारायची सवय उरत नाही. नव्या गावात तो पुन्हा पत्ता चुकणारा, बागेतून हाकलला जाणारा साधा नागरिक होतो. ऑक्टोबरात तर त्यानं कमाल केली. या खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. लहान पोरांनाही हे येतं. शिकागोविरुद्ध शेवटच्या मिनिटाला चौथी संधी हुकली, चेंडू हातचा गेला, आणि ब्रेडी मैदानात चार बोटं उंचावून उभा. त्याच्या हिशेबानं चौथी संधी अजून यायची होती. टँपा २०-१९ अशी हरली, आणि त्या चार बोटांचं चित्र देशभर फिरलं. चार महिन्यांनी त्याच माणसानं टँपाला, टँपाच्याच मैदानावर, सुपर बोल जिंकून दिला. विजयाच्या मिरवणुकीत त्यानं तो करंडक एका बोटीतून दुसऱ्या बोटीत फेकला. झेललाही गेला. न्यू इंग्लंडमध्ये असताना हा पोरकटपणा त्याच्या हातून झाला नसता, असं आपलं मला वाटतं.

थांबणं मात्र त्यालाही जमलं नाही. १ फेब्रुवारी २०२२ ला निवृत्त झाला. त्याच्या ‘शेवटच्या’ टचडाउनचा चेंडू मार्चमध्ये पाच लाख डॉलरहून अधिक किमतीला लिलावात गेला, आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेडीनं जाहीर केलं की आपण परत येतोय. तो सौदा पुढे रद्द झाला म्हणून बरं. पण ऐतिहासिक शेवट एवढे पैसे मोजून विकत घ्यावा आणि रात्रीत त्याचा मधला भाग होऊन जावा, यात लोकांच्या त्या सूत्राची सगळी अडचण आहे. शेवट आपल्याला हवा असतो, कारण तो कपाटात ठेवता येतो.

ब्रेट फार्व्हनं तर हे तीनदा केलं. मार्च २००८ मध्ये ढसाढसा रडून निवृत्ती, ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या जेट्सकडून हजर. पुन्हा निवृत्ती, पुन्हा ऑगस्टमध्ये मिनेसोटाकडून हजर. आणि तो ४० व्या वर्षातला हंगाम त्याच्या सर्वोत्तम हंगामांपैकी एक. २०१० मध्ये तर संघातले तिघे सहकारी विमानानं मिसिसिपीला जाऊन त्याला घेऊन आले. ऑगस्ट महिन्यात सरावाची दमछाक असते, ती संपत आली की यांचा निर्णय फिरतो, असं तेव्हा कुचकट लोक म्हणायचे. मला त्यात कुचकटपणा करण्यासारखं काही दिसत नाही. सरावाचा कंटाळा आणि सामन्याची ओढ एकाच माणसात सुखानं नांदू शकतात.

हे सगळं आपल्यापासून फार दूरचं वाटत असेल तर वसीम जाफरची आठवण काढावी. मुंबईकडून आठ रणजी करंडक जिंकून झाल्यावर, ३७ व्या वर्षी, तो २०१५ मध्ये विदर्भाकडे गेला. मुंबईच्या क्रिकेटपटूनं नागपूरला जाणं म्हणजे पेन्शनीची तयारी, अशी आपली मुंबईची समजूत. विदर्भानं तोवर रणजी कधी जिंकलेली नव्हती. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये त्यांनी दिल्लीला हरवून ती जिंकली, आणि विजयी धावा काढताना खेळपट्टीवर होता तो जाफर. पुढच्या हंगामात पुन्हा जिंकली. चाळिशी गाठलेल्या जाफरनं त्या हंगामात १,०३७ धावा काढल्या. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचेच. मार्च २०२० मध्ये जाफर निवृत्त झाला. ब्रेडी बोचकी बांधून टँपाला निघाला तो हाच महिना. ‘का थांबत नाहीस?’ हा प्रश्न जाफरला मुंबईनं विचारला असता. नागपूरनं विचारला नाही. प्रश्न कुठला येणार ते बरंचसं गावावर अवलंबून असतं.

आणि आता रिव्हर्स. त्याच्या बाबतीत सगळंच उलट्या क्रमानं झालं. २००४ पासून तो सॅन दिएगो चार्जर्सचा. चेंडू फेकायची त्याची ढब बघून कुणालाही वाटावं, गोळाफेक चाललीय. लहानपणी हाताच्या मानानं चेंडू मोठा होता, तेव्हाची लागलेली सवय. मैदानात तीन तास समोरच्यांना डिवचत अखंड बडबड, आणि त्यात एकही शिवी नाही. फार संताप आला तर ‘डॅगगमिट’. जानेवारी २००८ मध्ये गुडघ्याचा स्नायुबंध फाटलेल्या अवस्थेत न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धचा सामना खेळला, आणि २००६ पासून सलग २४० सामन्यांत एकदाही गैरहजेरी लावली नाही. सुपर बोल मात्र एकदाही नशिबी आला नाही.

२०१७ मध्ये बदली झाली, ती त्याची नव्हे, संघाची. सॅन दिएगोच्या मतदारांनी नव्या स्टेडियमच्या खर्चाला नकार दिला आणि चार्जर्स लॉस एंजलिसला निघून गेले. रिव्हर्स गेला नाही. घर, चर्च, मुलांच्या शाळा सॅन दिएगोत होत्या. त्यानं एक मोठी गाडी घेतली, मागच्या बाजूला ऐसपैस आसनं आणि मोठा पडदा बसवून घेतला, पुढे चालक ठेवला, आणि रोज साधारण अडीचशे किलोमीटरचं येणं-जाणं सुरू केलं. पुढच्या रविवारी कोण कुठून अंगावर येणार याची चित्रफीत महामार्गावरच पाहून व्हायची. एरवी ती बघण्यात जी संध्याकाळ गेली असती ती वाचायची, आणि गृहस्थ रात्रीच्या जेवणाला घरी. मुंबईच्या लोकलमध्ये उभ्या-उभ्या हिशेब तपासणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. फक्त यांना खिडकी मिळाली होती. संघ मात्र नव्या शहरात उपराच राहिला. २७ हजार आसनांचं सॉकरचं मैदान उसनं घेतलेलं, आणि तेही बऱ्याचदा पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांनी भरलेलं.

२०१९ चा हंगाम वाईट गेला. प्रतिस्पर्ध्यांच्या हातात त्यानं २० चेंडू दिले, आणि करार संपला. जानेवारी २०२० मध्ये रिव्हर्सनं बायको आणि तेव्हाच्या नऊ मुलांसह फ्लोरिडात बिऱ्हाड हलवलं. संघ नाही, करार नाही, वय ३८. वर्तमानपत्रांनी लगेच पर्यायांचे तक्ते छापले: चार्जर्स परत बोलावतील का, टँपा घेईल का, इंडियानापोलिस घेईल का, की टीव्हीवर बोलायला बसेल? सामान लावणाऱ्या माणसाला बहुधा एवढंच ठाऊक होतं की आता राहायचं इथे; बाकी काय ते ठरेल. नोकरीपाठी घर फिरवण्याऐवजी त्यानं घराचा खुंटा आधी ठोकला आणि नोकरीला त्याच्याभोवती फिरू दिलं. मार्चमध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सबरोबर एका वर्षाचा, अडीच कोटी डॉलरचा करार झाला. मेमध्ये, म्हणजे इंडियानापोलिसकडून पहिला चेंडू टाकायच्याही आधी, त्यानं जाहीर केलं की निवृत्तीनंतर आपण अलाबामातल्या फेअरहोप गावच्या सेंट मायकेल कॅथलिक हायस्कूलच्या मुलांना शिकवणार. निवृत्तीनंतरची सोय लावून मग नव्या नोकरीवर रुजू होणारा असा दूरदृष्टीचा माणूस आमच्या कुठल्याही खात्यात शोभला असता. वर्ष चांगलं गेलं, बफेलोला बाद फेरीत हार झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये तो शाळेत दाखल झाला. लोकांच्या सूत्रात बसणारा निरोप झाला.

मग पाच वर्षांनी कोल्ट्सचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स याच्या टाचेची शीर तुटली. प्रशिक्षक होता शेन स्टायकन, चार्जर्समधला रिव्हर्सचा जुना सहकारी. रिव्हर्सनं शाळेतल्या मुलांना शिकवलेले डावपेच बरेचसे त्याच वहीतले, म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या पोरांपुढे उजळणी रोज चालूच होती. एका रविवारी जोन्स पडला आणि पुढच्या रविवारी रिव्हर्स सिएटलच्या मैदानात उभा. आपल्याकडे तेव्हा पहाटही झाली नव्हती. चेंडू लांब जात नव्हता, हे दिसत होतं. म्हणून तो तिसऱ्या सेकंदाची वाटच बघत नव्हता. चेंडू हातात आला की जवळच्या माणसाकडे देऊन मोकळा. सगळा सामना मिळून १२० यार्ड, एक टचडाउन. स्पर्धेतल्या बलाढ्य संघाविरुद्ध, शेवटचं मिनिट चालू असताना कोल्ट्स १६-१५ असे पुढे होते. मग सिएटलनं ५६ यार्डांवरून किक मारून १८-१६ असा सामना नेला. पुढचा सामना सॅन फ्रान्सिस्कोनं ४८-२७ असा जिंकला, त्याच्या पुढचा जॅक्सनव्हिलनं. तीन सामने, तीन हार, आणि आजोबा घरी परत.

आता सांगा, हे सूत्रात कुठे बसवायचं? शिखर नाही, करंडक नाही, डोळ्यांत पाणी आणणारा विजयी शेवटही नाही. सिएटलच्या सामन्यानंतर बोलताना त्याचा गळा मात्र दाटून आला, आणि तो बोलला ते आपल्या मुलांबद्दल आणि शाळेतल्या पोरांबद्दल: काय होईल या भीतीनं मागे सरू नये, हे त्यांना दिसावं. पाच वर्षं मुलांना ‘घाबरू नका’ म्हणणाऱ्या मास्तरला एकदा बोलावणं आलं आणि त्यानं वही मिटून कपडे बदलले, इतकी साधी गोष्ट. हरण्याची शक्यता त्याला आपल्यापेक्षा चांगली कळत होती. समोरच्यांची मांडणी ओळखणं हाच तर त्याचा धंदा.

या तीन हरलेल्या सामन्यांची किंमत त्यानं रोख मोजली आहे. ओहायोतल्या कँटन गावी हॉल ऑफ फेम आहे. तिथे निवड झालेल्यांचे कांस्याचे अर्धपुतळे ठेवतात. खेळणं सोडून पाच वर्षं झाल्याशिवाय तिथे नाव विचारात घेत नाहीत. पुतळा करायचा तर माणूस खरोखर थांबलाय याची खात्री नको? रिव्हर्सची पाच वर्षं भरतच आली होती, २०२६ साठीच्या उमेदवारांत त्याचं नाव पुढेही सरकलं होतं. मैदानात पाऊल ठेवल्याबरोबर घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. आता निवड समितीला २०३१ पर्यंत थांबायला हवं. तेव्हा तो ४९ वर्षांचा असेल, आणि मधल्या काळात इंडियानापोलिसमध्ये पुन्हा कुणाची टाच दुखावणार नाही, याची हमी ओतारी देऊ शकत नाही.